कामगार संघटनेचा जमाखर्च

गेल्या पावसाळ्यात ओव्यातील एक तरुण आमच्या दुकानात आला. त्याचे वडील आमचे जुने गिऱ्हाईक. मुलगा तळोजाच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत कामाला आहे. खिशातून त्याने घडी घातलेला एक कागद काढला आणि गल्ल्यावर ठेवला. तो कामगार संघटनेचा सभासद होण्याचा अर्ज होता. तो म्हणाला, "चाचा, अब्बा म्हणतात सही करू नकोस, काम जाईल. बरोबरची पोरं म्हणतात सही केली नाहीस तर आयुष्यभर ठेकेदाराच्या दारात उभा राहशील. तुम्ही व्यवहारातले माणूस आहात. तुम्हीच सांगा."

आम्ही त्याला चहा पाजला आणि चार दिवसांनी ये असे सांगितले. खरी गोष्ट अशी की आमच्याजवळ उत्तर तयार नव्हते. आम्ही कापडाचे व्यापारी. युनियन म्हटले की आपल्यासारख्यांच्या मनात पहिली गोष्ट येते ती संपाची, दुसरी बंद शटरची आणि तिसरी वर्गणीच्या पावतीची. त्यापलीकडे आपण विचार केलेला नसतो. म्हणून आम्ही ठरवले की या प्रश्नाचा जमाखर्च मांडून पाहायचा, जसा आपण वर्षअखेरीस दुकानाचा मांडतो. तोच हिशेब आज व्यापारी आणि कारागीर बंधूंसमोर ठेवत आहोत.

संघटना म्हणजे काय?

आपल्या देशात कामगार संघटनांचा पहिला कायदा 1926 साली झाला. त्यापूर्वी मजुरांनी एकत्र येऊन काम थांबवणे हा कट समजला जाई. मद्रासच्या एका गिरणीच्या मालकांनी तर संघटनेच्या पुढाऱ्यांवर नुकसानभरपाईचा दावा लावून कोर्टाचा मनाई हुकूम मिळवला होता. त्यानंतर 1921 साली मध्यवर्ती विधिमंडळात असा कायदा व्हावा म्हणून ठराव मांडला तो नारायण मल्हार जोशी यांनी. ते मूळचे आपल्याच जिल्ह्यातील, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगडमधील गोरेगावचे. कायद्याने दोन गोष्टी झाल्या. नोंदलेल्या संघटनेला अस्तित्व मिळाले आणि कायदेशीर रीतीने संप केल्याबद्दल पुढाऱ्याला कटाच्या आरोपात तुरुंगात टाकणे बंद झाले.

या कायद्यातील एक बाब पुष्कळ व्यापाऱ्यांना ठाऊक नसते. त्यातील 'संघटना' या शब्दाच्या व्याख्येत मजुरांबरोबर मालकांची संघटनाही बसत होती. आपण बाजारपेठेच्या व्यापारी मंडळाचे सभासद होतो, वर्गणी भरतो, कराचा प्रश्न आला की अध्यक्षाला पुढे करतो. आपला हमाल किंवा विणकर तेच करू लागला की मात्र आपल्याला तो बंडखोर वाटतो. हिशेबाला बसताना हा दुजाभाव आधी बाजूला ठेवला पाहिजे.

रविवारची सुट्टी कोणी मिळवली?

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांच्या सभा घेऊन हजारोंच्या वतीने मागणीपत्र तयार केले आणि 1890 साली मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे यांनी 1893 च्या दंगलीनंतर हिंदू-मुस्लिम सलोख्यासाठीही काम केले. आज आपण रविवार सहज उपभोगतो, पण तो आभाळातून पडलेला नाही.

तरी या गोष्टीची दुसरी बाजूही बघा. लोखंडे यांच्या संस्थेला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, लिहिलेले नियम नव्हते. सगळा भार एका नेक माणसावर होता. 1897 साली प्लेगमध्ये लोखंडे गेले आणि संस्थेचा जोरही गेला. म्हणजे पुढाऱ्याच्या नावावर चालणारी संघटना पुढाऱ्याबरोबर संपते. टिकते ती सभासदांच्या वहीवर चालणारी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

जमेची बाजू : कळंबोलीचा माथाडी

ओव्यापासून जवळच कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार आहे. तिथे ट्रकमधून लोखंड उतरवणारे माथाडी कामगार आपल्यातील अनेकांनी पाहिले असतील. डोक्यावर, म्हणजे माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. साठ वर्षांपूर्वी मुंबईच्या बंदरांवर आणि बाजारांत या माणसाला ना मालक होता, ना हजेरी, ना आजारपणाची रजा. आज इथे, उद्या तिथे. पाठ मोडली की गावी. अण्णासाहेब पाटील यांनी या विखुरलेल्या हमालांची संघटना बांधली आणि 1969 साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला.

या कायद्याची रचना व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक धंद्यासाठी एक मंडळ असते. लोखंडबाजाराचे वेगळे, किराणा बाजाराचे वेगळे आणि मुंबईच्या कापड बाजाराचेही वेगळे. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी असतात. व्यापारी आपली नोंद करतो, हमालांची टोळीही नोंदली जाते. ओझ्याचे दर बोलणी करून ठरतात. व्यापारी मजुरी मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरतो. त्या लेव्हीतून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा आणि औषधोपचार भागतात. हमाल दहा पेढ्यांवर काम करो की वीस, त्याचा हिशेब एकाच ठिकाणी जमा होतो.

या रचनेची खुबी हीच आहे. ज्याला एक मालक नाही त्यालाही कायमच्या नोकरासारखे हक मिळाले. मुंबईचा घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला आला, तेव्हा माथाडींच्या वसाहतीही कोपरखैरणे, घणसोलीत उभ्या राहिल्या. ज्यांचे बाप बाजाराच्या फुटपाथवर झोपले, त्यांची मुले आपल्या घरातून शाळेत गेली. संघटनेच्या सभासदत्वाने काय होते, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण आम्हाला सापडले नाही.

आमच्या वहीतील एक पान

आता स्वतःची गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्याला उपदेश करणाऱ्याने आपली वही आधी उघडावी. पनवेलला आमचे लहानसे गोदाम होते. तिथे एक हमाल चौदा वर्षे कापडाच्या गाठी उतरवत होता. घाटावरचा माणूस, इमानदार, एक तागा कधी इकडचा तिकडे झाला नाही. संध्याकाळी रोख मजुरी हातावर ठेवायची, सणाला कपडे द्यायचे, असा आमचा व्यवहार. नोंद नाही, पावती नाही. आम्हाला वाटे, आपण त्याला घरच्यासारखे वागवतो.

2009 साली गाठ घेऊन उतरताना त्याचा पाय घसरला आणि कमरेचे कायमचे दुखणे लागले. आम्ही त्याच्या घरी गेलो, दहा हजार रुपये दिले. त्याने पैसे घेतले आणि शांतपणे विचारले, "शेठ, ही मदत आहे का माझे पैसे आहेत?" आम्ही गडबडून म्हणालो, "मदत समज." तो म्हणाला, "मग माझे पैसे कुठे आहेत?"

त्याचा मेहुणा कळंबोलीला नोंदलेल्या टोळीत होता. वय झाल्यावर काम सोडताना त्याला मंडळाकडून हिशेब मिळाला. फंडाचे इतके, ग्रॅच्युइटीचे इतके, कागदावर. त्याला कोणाचे आभार मानावे लागले नाहीत.

त्या रात्री आम्ही हिशेब केला. महिन्याला फक्त तीनशे रुपये त्याच्या नावावर बाजूला पडले असते, तर चौदा वर्षांत पन्नास हजार चारशे रुपये झाले असते. व्याज धरलेलेच नाही. आम्ही दहा हजार देऊन दानशूर ठरलो होतो आणि चाळीस हजारांचे देणे अंगावर ठेवून झोपत होतो. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी हे आपण लहानपणापासून ऐकतो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची कुरआनची ताकीदही आपल्याला पाठ असते. कापडाच्या उधारीला आपण ती लावतो, हमालाच्या घामाला लावत नाही. हकाचे पैसे खैरात म्हणून दिले तर हकही फिटत नाही आणि खैरातीचेही पुण्य पदरात पडत नाही.

तो माणूस एखाद्या संघटनेचा सभासद असता, तर आमच्या दारात कोणीतरी येऊन नोंदणीचा कागद मागितला असता. आम्हाला तेव्हा राग आला असता. पण आज ती टोचणी नसती.

खर्चाची बाजू : 1982 आणि त्यानंतर

आता दुसरे पान. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यांत मदनपुऱ्यासारख्या मोहल्ल्यांतील मोमीन विणकरही होते. वर्ष उलटले तरी संप मिटला नाही. तो रीतसर मागेही घेतला गेला नाही, नुसता विरून गेला. हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतलेच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जागी आज उंच इमारती उभ्या आहेत.

या दुर्दैवाचे एक कारण सभासदत्वाशी जोडलेले आहे. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणीधंद्यात एकाच मान्यताप्राप्त संघटनेला बोलणी करण्याचा अधिकार होता आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगारांचे मन एका पुढाऱ्याकडे आणि कायद्याचा शिक्का दुसऱ्या संघटनेकडे, अशी स्थिती झाली. ज्याच्याशी मालकाने कायद्याने बोलायचे त्याच्यामागे कामगार नव्हते आणि ज्याच्यामागे कामगार होते त्याला सही करण्याचा अधिकार नव्हता. वर माघारीची वाट कोणी आखून ठेवली नव्हती. व्यापारात माल उचलण्यापूर्वी आपण विचारतो, भाव पडला तर काय? संपात उतरण्यापूर्वीही हाच प्रश्न विचारला पाहिजे.

तिसरी गोष्ट आपल्या घरची आहे. संपाच्या काळात गिरणीमालकांनी कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेतले. आमचे वालिद तेव्हा ग्रे कापडाचा धंदा करीत आणि आम्ही उर्दू शाळेत शिकत होतो. घरात बरकत आली, हे आम्हाला चांगले आठवते. परळच्या चाळीत चूल थंड होती, तेव्हा भिवंडीत माग रात्रंदिवस धडधडत होते. पण त्या मागावरच्या कारागिराला काय मिळाले? बारा बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, माग बंद तर मजुरी बंद. हजेरीपुस्तकात नाव नाही. पेशगी घेतली की ती फिटेपर्यंत शेठ बदलता येत नाही. गिरणीत जो संघटनेमुळे आठ तास काम करीत होता, त्याचे काम गेले ते असंघटित कारागिराकडे. पुढे मंदी आली, विजेचे दर वाढले, सुताचे भाव चढले, तेव्हा याच भिवंडी-मालेगावात मागवाला आणि कारागीर दोघेही उघड्यावर पडले. संघटना नसणे हाही एक खर्च आहे. त्याची पावती मिळत नाही, एवढेच.

खर्चाच्या पानावर आणखी एक रक्कम लिहिली पाहिजे. संघटनेच्या नावाखाली खंडणी गोळा करणाऱ्या टोळ्या. काम न करता उतराईचे पैसे मागणारे, गाडी अडवणारे लोक कारखानदारांनी आणि व्यापाऱ्यांनी अनुभवले आहेत. 2023 साली राज्य सरकारने माथाडी कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा असल्या खोट्या माथाडींचेच कारण पुढे केले गेले. माथाडी संघटनांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की चोराला पकडा, पण त्यासाठी घर पाडू नका. आम्ही स्वतः व्यापारी असूनही हे म्हणणे आम्हाला पटते. बाजारात खोटी नोट आली म्हणून कोणी रुपया बंद करीत नाही.

ज्याला मालकच नाही त्याचे काय?

आपल्या वाचकांत शिलाईवाले, जरीकाम करणारे, गोधडी शिवणाऱ्या भगिनी, बिडी वळणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. त्या म्हणतील, आमचा मालक कोण आणि आम्ही संघटना कोणाविरुद्ध करायची?

हाच प्रश्न अहमदाबादला इला भट्ट यांना सरकारी कार्यालयात विचारला गेला. मालक नाही तर संघटना कसली, म्हणून नोंदणी अडली होती. त्यांचे उत्तर असे की संघटना कोणाविरुद्ध असलीच पाहिजे असे नाही, ती एकमेकांसाठी असते. 1972 साली 'सेवा' ही संघटना नोंदली गेली. पुढे तिथल्या दरियापूर भागातील मुस्लिम भगिनी तिच्यात आल्या. गिरणीच्या चिंध्या शिवून त्या खोळी करीत. त्यांनी मजुरी वाढवून मागितली तेव्हा व्यापाऱ्यांनी पुढे होऊन बोलणाऱ्यांचे काम बंद केले. मग त्या बायकांनी स्वतः चिंध्या खरेदी करून स्वतःची सहकारी मंडळी काढली, तिचे नाव 'सबीना'. म्हणजे संघटनेने फक्त भाव मागितला नाही, गरज पडली तेव्हा तिजारतही शिकवली.

आपल्या महाराष्ट्रात सोलापूरकडे बघा. तिथे बिडी कामगार स्त्रियांनी संघटनेच्या बळावर कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी केली, ती 2006 साली ताब्यात मिळाली. तेलुगू भाषिक, मुस्लिम, मराठी अशा सगळ्या जणी त्यात आहेत. एकटीने बिडी वळून कोणाचे घर झाले असते?

सही करण्यापूर्वी

चार दिवसांनी तो मुलगा आला. आम्ही त्याला हो किंवा नाही सांगितले नाही. आम्ही त्याला काही प्रश्न लिहून दिले, जे आपण कोणत्याही पेढीशी व्यवहार करताना विचारतो.

पहिला प्रश्न : संघटना नोंदलेली आहे का? नोंदणी क्रमांक माग. नोंदणीसाठी किमान सात जण लागतात, हे 1926 पासून आहे. 2001 च्या दुरुस्तीने त्यात भर पडली ती अशी की त्या आस्थापनेतील दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढे सभासद हवेत.

दुसरा : वर्गणीची पावती मिळते का आणि वर्षाचा हिशेब सभासदांसमोर वाचला जातो का? वर्गणी ही अमानत आहे. तिचा हिशेब विचारणारा सभासद गद्दार ठरत असेल, तर त्या दारातून परत फिर.

तिसरा : पदाधिकाऱ्यांत तुझ्या कारखान्यातले किती आणि बाहेरचे किती? लोखंडे यांच्या संस्थेची गोष्ट आठव.

चौथा : सभासद किती टक्के आहेत? 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतील औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे जिच्याकडे 51 टक्के कामगार आहेत ती एकटी बोलणी करू शकते. तसे कोणीच नसेल तर 20 टक्के किंवा अधिक सभासद असलेल्या संघटनांचे मिळून मंडळ बनते. म्हणजे 1982 सारखे मन एकीकडे आणि शिक्का दुसरीकडे असे होऊ द्यायचे नसेल, तर आपली मोजणी आधी पक्की करावी.

पाचवा : संपाचा निर्णय कोण घेतो? चौदा दिवसांची आगाऊ नोटीस दिल्याशिवाय आता संप करता येत नाही. त्या चौदा दिवसांत घरी किती दिवसांचे धान्य आहे, तेही मोज.

सहावा प्रश्न संघटनेला नाही, ठेकेदाराला : माझे नेमणूकपत्र कुठे आहे? नव्या संहितांप्रमाणे ते प्रत्येक कामगाराला द्यायचे आहे. फंडाचा क्रमांक आणि विम्याचे कार्ड स्वतःजवळ ठेव. ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्यासाठी चांगली संघटनाही फार काही करू शकत नाही.

मुलाने कागद नीट घडी करून अर्जाबरोबर खिशात ठेवला. दोन आठवड्यांनी तो सांगून गेला की पाच प्रश्नांची उत्तरे बरी मिळाली, सही केली. सहाव्या प्रश्नाला ठेकेदाराने अजून उत्तर दिलेले नाही. आता तो प्रश्न त्याने एकट्याने विचारायचा नाही, एवढा फरक पडला आहे.

मालक बंधूंसाठी दोन शब्द

व्यापारी बंधूंनो, सरतेशेवटी जमाखर्च असा दिसतो. हिशेब ठेवणारी, सभासदांना विचारून चालणारी संघटना मजुराला फायद्याची आहे आणि आपल्यालाही. दर एकदाच ठरतो, रोज ट्रकपाशी घासाघीस होत नाही, अपघात झाला तर भरपाईची सोय आधीच असते. एका माणसाच्या इशाऱ्यावर चालणारी संघटना दोघांनाही बुडवते. आणि संघटनाच नसेल, तर खर्च लपतो, नाहीसा होत नाही. तो हमालाच्या कमरेत आणि आपल्या गळ्यात राहतो.

आपल्या गोदामात हमाल असेल तर उद्याच त्याची आणि आपली नोंद माथाडी मंडळाकडे करून घ्या. घरी शिलाई करणाऱ्या भगिनीला काम देत असाल तर तिच्या हाती एक वही द्या आणि प्रत्येक नगाची मजुरी दोन्हीकडे लिहा. त्यासाठी कोणत्याही संपाची वाट पाहण्याची गरज नाही.

आमचा तो हमाल आता गावी असतो. उरलेले चाळीस हजार आणि वरचे काही आम्ही त्याला तीन हप्त्यांत पोहोचवले. शेवटच्या हप्त्याच्या वेळी त्याने विचारले नाही की ही मदत आहे की माझे पैसे. पाकिटावर आम्ही लिहिले होते : चौदा वर्षांची बाकी.